टँकरचं लॉगबुक, पाच चार्जलिस्ट आणि पीआरसी

पीआरसी येणार म्हणलं की जिल्हा परिषदेत काय धांदल उडते ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळतं. शाळेला रात्रीतून चुना लागतो, दवाखान्यातल्या पलंगांवर नव्या चादरी येतात, वर्षभर बंद पडलेलं बायोमेट्रिक मशीन अचानक अंगठे घ्यायला लागतं, आणि लेखा शाखेतली माणसं रात्री बारा-बारा वाजेपर्यंत गठ्ठे सोडून बसलेली असतात. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यक होतो, वडील नोकरीत असतानाच गेले म्हणून अनुकंपावर लागलेलो. तालुक्याचं नाव सांगत नाही, जिल्ह्याचंही नाही, कारण ह्या प्रकरणातले दोघं-तिघं अजून पेन्शनची वाट बघायलेत आणि मला त्यांचं वाटोळं करायचं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीआरसी म्हणजे राज्याच्या विधिमंडळाची पंचायती राज समिती. विधानसभा आणि विधान परिषद दोन्हीकडचे आमदार, सगळ्या पक्षांचे. जिल्हा परिषदेचे हिशोब स्थानिक निधी लेखापरीक्षावाले तपासतात (ह्यांचा कायदा १९३० चा आहे, म्हणजे हे काम जिल्हा परिषदांपेक्षा जुनं), ते आक्षेप काढतात, आणि त्या अहवालातले परिच्छेद घेऊन समिती जिल्ह्यात तीन दिवस येते. पहिल्या दिवशी लोकप्रतिनिधींशी चर्चा आणि मग सीईओंची, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची, साक्ष, दुसऱ्या दिवशी गाड्या तालुक्यात, पंचायत समित्या, शाळा, आरोग्य केंद्रं, तिसऱ्या दिवशी वार्षिक प्रशासन अहवालावर परत साक्ष. जे मिटलं नाही त्यावर नंतर मुंबईत विधान भवनात सचिवांची साक्ष लागते, मग अहवाल सभागृहात.

लोकांच्या मनात समिती म्हणजे विश्रामगृह, जेवणावळी आणि पाकिटं. त्यांना तरी कसं चूक म्हणायचं, मे २०२५ मध्ये धुळ्याला विधिमंडळाचीच दुसरी एक समिती, अंदाज समिती, दौऱ्यावर असताना विश्रामगृहाच्या खोलीत १ कोटी ८४ लाख रुपये निघाले ते सगळ्या राज्यानं टीव्हीवर पाहिलं. पण मी जे सांगतोय त्यात पाकीट नाही. त्यात एक आमदार आहेत ज्यांनी परिच्छेद खरंच वाचला होता, आणि तेवढ्यानं आमची झोप उडाली.

परिच्छेद असा होता, शब्द माझ्या डोक्यात बसलेत: टंचाई २०१२-१३, टँकरच्या खेपांच्या नोंदवह्या लेखापरीक्षणास उपलब्ध करून दिल्या नाहीत, सबब रक्कम आक्षेपाधीन.

आता हे २०१२-१३ म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जायकवाडी मृतसाठ्यावर गेलेलं, जालन्याकडं लोकांनी मोसंबीच्या बागा तोडून जळण केलं, आमच्याकडं टँकर आला की बायका-लेकरं घागरी घेऊन विहिरीकडं पळायची कारण टँकर विहिरीतच रिकामा व्हायचा. टंचाईत माणशी रोज २० लिटरचा हिशोब धरतात. मी ज्या गावाचं बोलतोय तिथं १८०० च्या आसपास माणसं, म्हणजे रोज ३६ हजार लिटर, टँकर १२ हजाराचा, म्हणजे रोज तीन खेपा. मार्च ते जून चार महिने, १२२ दिवस, ३६६ खेपा. बिलात बरोब्बर ३६६ लावलेल्या. एकही कमी नाही. चार महिन्यांत टँकर एकदाही पंक्चर झाला नाही, लाईट एकदाही गेली नाही, असं ते बिल सांगत होतं.

हे खरं का खोटं ते ठरवणारी एकच वस्तू होती, लॉगबुक. टँकर कुठं भरला, किती वाजता निघाला, किलोमीटर किती, गावात किती वाजता पोचला आणि गावातल्या माणसाची, शक्यतो बाईची, सही. पाणी भरायला बायका जातात म्हणून सही बाईची, हा नियम ज्यानं कोणी काढला तो शहाणा माणूस होता. बिल मंजूर करताना लॉगबुक बघायचं असतं. बिल तर निघालेलं, म्हणजे कोणीतरी लॉगबुक बघितलं होतं, निदान त्या दिवशी ते होतं. मग गेलं कुठं?

गटविकास अधिकारी मॅडम नव्या होत्या, त्यांनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही तरुण आहात, रेकॉर्ड रूम तुम्हीच पाहा." तरुण म्हणजे धूळ खायला मोकळा एवढाच त्याचा अर्थ.

आमची रेकॉर्ड रूम म्हणजे मागच्या बाजूची एक खोली, पत्रे, एका कोपऱ्यात गळती आणि त्या कोपऱ्यातल्या रॅकवर नेमके सगळ्यात जुने रुमाल. सरकारी दफ्तरात कागद कापडी रुमालात बांधून ठेवतात आणि प्रत्येक कागदाला आयुष्य ठरलेलं असतं, अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षं, क दहा, ड वर्षभर. टेबलावर सहा गठ्ठे करायचे, चालू प्रकरणं वेगळी, उत्तराची वाट बघणारी वेगळी, रेकॉर्डला पाठवायची वेगळी, नष्ट करायची वेगळी. कागदावर इतकी सुंदर पद्धत आहे की वाचून डोळे भरून येतात. प्रत्यक्षात आमच्या खोलीत २०११ ची जनगणनेची पत्रकं, निवडणुकीच्या पेट्यांची कापडं, एक तुटकी सायकल आणि कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा होता. खोलीला कुलूप होतं, ते खरं. किल्ली शिपाई मामाच्या टेबलामागं खिळ्याला. आत कोण गेलं, काय नेलं, ह्याचं रजिस्टर मी शोधलं तर मामा म्हणले, "रजिस्टर कशाला पाह्यजे, मी इथंच बसतो की."

चार दिवस शोधलं. वाळवीनं खाल्लेलं एक रजिस्टर निघालं, तेही घरकुलाचं. लॉगबुक नाही. कोणीतरी म्हणलं नष्ट केलं असेल. पण नष्ट करायला सुद्धा यादी लागते, साहेबाची सही लागते, आणि ज्या कागदावर लेखा आक्षेप उभा आहे तो आक्षेप मिटेपर्यंत नष्ट करताच येत नाही. तशी यादी कुठंच नव्हती. २१ जून २०१२ ला मंत्रालय जळलं तेव्हा सगळा देश फायलींसाठी हळहळला. आमच्याकडं आग लागायची गरजच पडली नाही.

मग मला एक गोष्ट सुचली आणि ती सुचली कारण वडील गेल्यावर त्यांच्या टेबलाचा चार्ज घेताना आमच्या घरापर्यंत माणूस आला होता, दहाव्याच्या आधी, एका फाईलसाठी. म्हणजे चार्ज ही गोष्ट मला लागलेली होती. मी आस्थापनेत जाऊन त्या टेबलाच्या सगळ्या चार्जलिस्ट मागितल्या. बदली झाली की जाणारा येणाऱ्याला यादी करून देतो, दोघांच्या सह्या, एक प्रत कार्यालयाला. त्या टेबलावर तेवढ्या वर्षांत पाच वेळा माणूस बदललेला. पाचही याद्या सापडल्या, हे विशेष, कारण त्या सेवापुस्तकांच्या कपाटात होत्या आणि त्या कपाटाची किल्ली एका बाईंकडं होती ज्या ती पर्समध्ये ठेवायच्या.

पहिल्या यादीत लिहिलेलं: टँकर लॉगबुक, ४३ नग. गावाच्या नावासकट. दुसऱ्या यादीत: टँकर लॉगबुक, १ गठ्ठा. तिसऱ्या यादीत: टंचाई कागदपत्रे, १ गठ्ठा. चौथ्यात: इतर कागदपत्रे. पाचव्या यादीत काही नाही, फक्त कपाट लोखंडी १, खुर्ची २, पंखा १ (नादुरुस्त).

मी ती पाच पानं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बसून राहिलो. चोर शोधायला निघालो होतो आणि हाती आलं काय तर ४३ चा एक गठ्ठा झाला, गठ्ठ्याचं "इतर" झालं आणि "इतर" चं काहीच नाही. प्रत्येकानं आपल्या आधीच्यापेक्षा थोडंसं कमी लिहिलं आणि प्रत्येकाची सही खरी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या यादीच्या मध्ये कोणी मुद्दाम काढून घेतलं का, घेतलं असेल, ठेकेदाराचं येणंजाणं ऑफिसात भरपूर होतं. पण मुद्दाम काढायची गरज तरी काय होती, यादीच अशी लिहिलेली की गठ्ठ्यातून तीस वह्या काढल्या तरी गठ्ठा एकच राहतो.

दिल्लीत काही वेगळं आहे असं समजू नका. २०१३ मध्ये कोळसा खाणींच्या वाटपाच्या फायली सापडत नाहीत म्हणून संसदेत गोंधळ झाला तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग राज्यसभेत म्हणले होते की मी काही कोळसा मंत्रालयाच्या फायलींचा राखणदार नाही. लोकांनी तेव्हा त्यांची टर उडवली. मला ते वाक्य आता वेगळंच ऐकू येतं. खरंच आहे की, पंतप्रधान राखणदार नसतो. राखणदार टेबलावरचा माणूस असतो आणि त्याची दर तीन वर्षांनी बदली होते.

बरं, जीपीएसचं काय, असं कोणीतरी विचारेलच. टँकरला जीपीएस लावलेलं होतं, सरकारचे आदेशच होते. पण त्याचा डेटा ज्या ठेकेदारानं यंत्रं बसवली त्याच्या सर्व्हरवर. काम संपलं, करार संपला, वेबसाईटचा पत्ता टाकला तर दुसरंच काहीतरी उघडायचं. आपल्याकडं बिलाला जोडलेली चार प्रिंट होती, त्या कागदाची शाई उडून पांढरी झालेली. सगळं डिजिटल केलं की रेकॉर्ड सुरक्षित होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा विचारावं की सर्व्हर कोणाचा आणि करारात डेटा परत द्यायचा लिहिलंय का. वाळवी निदान दिसते तरी.

शेवटी धागा सापडला तो गावातच. त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या शिपायानं टँकरचं स्वतःचं एक रजिस्टर ठेवलेलं, कोणी सांगितलं नव्हतं, पण टँकर न आल्यावर बायका ह्याच्याच दारात येऊन भांडायच्या म्हणून त्यानं लिहायला सुरुवात केली. शाळेची दोनशे पानी वही, पेन्सिलीनं. वही ज्या कपाटात होती त्याची किल्ली माजी सरपंचाकडं, ती मिळवण्यात दोन दिवस आणि तीन चहा गेले. वहीत एकूण २४१ खेपा.

आता बिलात ३६६ आणि वहीत २४१, म्हणजे १२५ खेपांचा पैसा खाल्ला, असं मी त्या रात्री मित्राला फोनवर सांगून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी वही नीट वाचली तेव्हा गार पडलो. काही दिवशी "लाईट नाही, टँकर भरला नाही" असं लिहिलंय आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी चार, कधी पाच खेपा. म्हणजे ड्रायव्हर राहिलेली खेप भरून काढत होता. एप्रिलमध्ये एक आठवडाभर पानंच कोरी, कारण शिपायाच्या पोरीचं लग्न होतं. त्या आठवड्यात टँकर आला नाही की शिपाई आला नाही? आणि जूनमध्ये मात्र स्पष्ट लिहिलंय, "पाऊस लई झाला, नाल्याला पाणी, गाडी आली नाही," असे सलग सहा दिवस, आणि बिलात त्या सहाही दिवसांना तीन-तीन खेपा. ह्या अठरा खेपा खोट्या हे मी छातीठोक सांगू शकतो. बाकीचं सांगू शकत नाही. लॉगबुक असतं तर सांगता आलं असतं, आणि कदाचित ज्यांच्यावर संशय आहे त्यातला एखादा सुटलाही असता.

साक्षीच्या दिवशी मी सीईओ साहेबांच्या मागं गठ्ठे घेऊन उभा. साक्ष बंद दाराआड असते, पत्रकार नाहीत, आणि अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत आत काय झालं ते बाहेर बोलायचं नसतं, नाहीतर हक्कभंग. आता अहवाल येऊन गेलाय म्हणून एवढं सांगतो. आमचं अनुपालन, म्हणजे आक्षेपाला दिलेलं लेखी उत्तर, आधीच ठरलेलं होतं: "अभिलेखाचा शोध सुरू असून सापडताच सादर करण्यात येईल." हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा परिषदेनं एकदा तरी लिहिलेलं असणार. (गोपनीय शिक्का मारलेली ती प्रश्नावली आणि उत्तरं आदल्या रात्री तीन व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होती, ते वेगळं.) बहुतेक परिच्छेद तसेच सरकले, दोन मिनिटं, पुढचं, दोन मिनिटं, पुढचं. आमच्यावर आले तेव्हा त्या आमदारांनी चष्मा काढून विचारलं की शोध पाच वर्षं सुरू आहे तर शोधणाऱ्याचं नाव काय?

खोलीत कोणी बोललं नाही. पैसे किती, ठेकेदार कोण, असले प्रश्न आम्हाला अपेक्षित होते, त्याची उत्तरं पाठ होती. शोधणाऱ्याचं नाव काय ह्याचं उत्तर कोणाकडंच नव्हतं. मग मॅडमनी पाच चार्जलिस्ट पुढं केल्या, साहेबांना न विचारता केल्या ह्याचं मला आजही कौतुक वाटतं, आणि ती वही. वही पेन्सिलीची आहे, पुरावा कसा धरायचा, ह्यावर थोडी चर्चा झाली. दुसऱ्या एका सदस्यांनी सांगितलं की पेन्सिलीची असली तरी तुमच्यापेक्षा बरी आहे.

निष्पन्न काय तर पाचही जणांची विभागीय चौकशी आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ खाली कारवाईचा विचार करावा, अशी शिफारस. हा कायदा लोकांना माहीतच नाही, रेकॉर्ड बेकायदा नष्ट केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड अशी तरतूद आहे त्यात. पण त्या पाचांतले दोघं निवृत्त, एक वारलेले. जो वारला त्यानंच पहिली यादी ४३ नग अशी नीट लिहिली होती. चौकशीच्या नोटीशीत त्याचंही नाव टाकलेलं, ते काढायला मॅडमना वेगळं पत्र लिहावं लागलं.

ह्याच दरम्यान त्या गावच्या एका पोरानं माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयाचं तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, सगळं आपल्या राज्याच्या नियमात बसवून. मागितलं काय तर लॉगबुकची प्रत, चार्जलिस्टच्या प्रती आणि समितीला दिलेलं उत्तर. आमच्या जनमाहिती अधिकाऱ्यानं एका ओळीत सगळं नाकारलं, कलम ८(१)(ग), विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल. मला त्यांनी टाईप करायला दिलं म्हणून माहीत.

मी त्यांना म्हणलं, "काका, उत्तराचं ठीक आहे, ते समितीपुढं आहे. पण चार्जलिस्ट तर समिती जिल्ह्यात यायच्या आधीपासून आपल्या कपाटात आहेत, त्याला कसला विशेषाधिकार?"

ते म्हणले, "तू टाईप कर."

ह्यात मला जे दिसतं ते सांगतो. विधिमंडळाची तपासणी व्हावी म्हणून जे आवरण दिलंय, की साक्षीदार मोकळेपणानं बोलावा, अहवाल आधी सभागृहात जावा, ते ठीक आहे. पण तेच आवरण खाली तालुक्याला पोचेपर्यंत त्याचं ब्लँकेट होतं, आणि ते गावच्या पोराच्या अंगावर टाकतात. ज्या बाईनं चार महिने टँकरच्या वहीवर सही केली तिला तिचीच सही बघायला मिळत नाही कारण ती आता विधिमंडळाची झाली. समितीनं रेकॉर्ड मागितलं म्हणून लोकांना रेकॉर्ड द्यायचं नाही, हा उलटा न्याय कायद्यात कुठंच लिहिलेला नाही. उलट माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की रेकॉर्ड नीट लावून, सूची करून ठेवणं हे कार्यालयाचंच काम आहे, कोणी मागो न मागो.

पहिल्या अपिलात मॅडमनी चार्जलिस्ट आणि पेन्सिलीच्या वहीची प्रत द्यायचा आदेश दिला, पानाला दोन रुपये. लॉगबुकबद्दल "आढळून येत नाही" असं उत्तर गेलं. पोरगं काय सोडणारं नव्हतं, त्यानं दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल जोडून दुसरं अपील टाकलं, की माहिती एकदा कार्यालयात होती हे दिसत असेल तर नुसतं सापडत नाही म्हणून सुटता येत नाही, नीट शोध घ्यावा लागतो आणि जबाबदारी ठरवावी लागते. अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात पडून आहे, तारीख लागेल तेव्हा लागेल. तो पोरगा अधूनमधून मला फोन करतो, "भाऊ, तुमी होता ना तवा, तुमाला खरं काय ते ठाऊक असंल." मी त्याला तेच सांगतो जे इथं लिहिलंय, अठरा खेपांची खात्री आहे, बाकीची नाही. त्याला ते पटत नाही, त्याला १२५ पाहिजेत.

माझी बदली मागच्या वर्षी झाली. चार्ज द्यायच्या वेळी मी तीन रविवार घालवून यादी केली, प्रत्येक संचिकेचं नाव, पानं किती, शेवटचा कागद कोणत्या तारखेचा, त्या पेन्सिलीच्या वहीची सुद्धा पानं मोजून. एकोणीस पानी यादी झाली. येणारा भला माणूस, माझ्यापेक्षा वयानं मोठा, त्यानं पहिलं पान वाचलं, मग शेवटचं वाचलं आणि हसला.

"येवढं मोजून कोण घेतंय का भाऊ? मला संध्याकाळची गाडी धरायचीय."

मी म्हणलं, निदान टंचाईचा रुमाल तरी उघडून बघा. त्यानं रुमाल उघडला नाही, पण सही केली. सहीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, "न मोजता."